इंटिमिडेशन घेतलं ते वाया गेलं का?

एका खेळाडूने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डी अँड डी, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं कॅरेक्टर चालवायचा, फाशांवरचा गोष्टीचा खेळ; त्याची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. तिसऱ्या लेव्हलचा हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा राक्षस) बार्बेरियन (रानटी लढवय्या), स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद १६, करिश्मा म्हणजे माणसावर पडणारी छाप ८. हाफ-ऑर्क असल्याने इंटिमिडेशन, म्हणजे धमकावण्याचं स्किल, आपोआप मिळालं. सहा सेशनमध्ये लढाईबाहेर ते चारदा वापरलं. सरायवाला हसला. पकडलेला पंथवाला थुंकला. नगरशेठने शिपाई बोलावले. टोलनाक्यावरचा पहारेकरी मात्र घाबरला, त्याने वाट सोडली, आणि पुढच्या गावात पोचलो तर तिथे आमच्या नावाची दवंडी पिटून झालेली. "दादा, हे स्किल कामाचं आहे का? खेळ चालवणाऱ्या डीएमला सांगून पर्सुएशन (समजावून पटवणं) करून घेऊ का?"

बदलू नको. पण जसं वापरून राहिला आहेस तसंही वापरू नको.

मी कोण, ते सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या आतल्या बाजूला आमचं गाव. जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. ११ वर्षं झाली डीएम करतो. टेबलावर माझा मावसभाऊ (दूध संकलन केंद्रावर असतो), शाळेचे मास्तर, मेडिकलवाला आणि माझी पुतणी. कापसाचा सीझन असला की खेळ बंद, एरवी दर रविवारी. थ्री फेजची लाइन रात्रीची असली की कोणीतरी मध्येच मोटर लावायला उठतं आणि त्याचं कॅरेक्टर तेवढा वेळ 'झाडामागे' जातं. तेव्हा शहरातल्या लोकांसारखं सुरळीत काही नाही. पण धमकी या विषयावर बोलायला मी लायक माणूस आहे, ते का ते पुढे येईलच.

आधी गणित उरकू, ते लवकर संपतं. करिश्मा ८ म्हणजे उणे १, प्रोफिशिएन्सीचे (स्किल येत असल्याचे) २, एकूण अधिक १. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ धरला तर वीसबाजूच्या फाशावर १४ किंवा वर पाहिजे. वीसातले सात आकडे, ३५ टक्के. चारातला एक लागला, म्हणजे तुझं नशीब खोटं नाही, हिशोबच तेवढा आहे. आता प्लेयर्स हँडबुकच्या सातव्या प्रकरणात एक पर्यायी नियम आहे: स्किल तेच, पण त्याला अॅबिलिटी (स्ट्रेंग्थ, करिश्मा असा मूळ गुण) दुसरी जोडायची. त्यातलं एक उदाहरण नेमकं तुझंच आहे, हाफ-ऑर्क बार्बेरियन आपली ताकद दाखवून शत्रूला घाबरवतो, तर डीएम स्ट्रेंग्थवर इंटिमिडेशन मागू शकतो. तसं झालं की तुझे अधिक ५ होतात, १० किंवा वर लागतो, ५५ टक्के. त्यात रेज (बार्बेरियनचं खवळणं) चालू असेल तर स्ट्रेंग्थच्या चेकला, म्हणजे त्यावर टाकलेल्या फाशाला, अॅडव्हान्टेज, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा: ८० टक्क्यांच्या जवळ. गोम एवढीच की तिसऱ्या लेव्हलला रेज लाँग रेस्टमागे (पूर्ण विश्रांतीमागे) तीनदाच मिळतो, आणि २०१४ च्या नियमात तुझी पाळी संपेपर्यंत कोणावर वार केलेला नसेल किंवा मार खाल्लेला नसेल तर तो विझतो. म्हणजे लढाईबाहेर सगळी डरकाळी त्या एकाच पाळीत बसवावी लागते. २०२४ च्या पुस्तकात ही सोय सरळ क्लासमध्येच घातली आहे: तिसऱ्या लेव्हलच्या बार्बेरियनला प्रायमल नॉलेज मिळतं आणि रेजमध्ये इंटिमिडेशन स्ट्रेंग्थवर टाकता येतं. त्याच पुस्तकात डीसीही ठरवून दिला आहे, १५ किंवा समोरच्याचा इंटेलिजन्स, जो जास्त असेल तो. फसलं तर तीच गोष्ट त्याच पद्धतीने पुन्हा गळी उतरवायला २४ तास थांबायचं.

तर ३५ चे ८० होऊ शकतात. पण म्हणून तो पंथवाला बोलला असता का? माझ्या टेबलावर तरी नाही. तिथे मी फासाच टाकू दिला नसता.

काट्यावर बसतो तिथे मी सीझनभर धमक्या ऐकतो, आणि आवाज चढवून दिलेली एकही चालताना पाहिली नाही. चालणारी कशी असते ते सांगतो. डिसेंबरातली संध्याकाळ, एक शेतकरी छोटा हत्ती भाड्याने करून कापूस घेऊन आला. रांगेत दुपार गेली. नंबर लागला तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसाने कापसात कोपरापर्यंत हात खुपसला, मूठभर काढून दाबला, गालाला लावला आणि म्हणाला, "ओल हाये." भाव खाली. शेतकरी तापला, काल वाळवला होता, चार जण साक्षीला आहेत, वगैरे. तो माणूस मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "वापस नेत असन त ने ना भाऊ. कोनं अडवलं?" शेतकऱ्याने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर घड्याळ पाहून राहिला होता. झालं. गाडी काट्यावर चढली, मी वजन लिहिलं.

तो माणूस मला बिलकुल आवडत नाही. पण डीएम म्हणून जे मी त्याच्याकडून शिकलो ते कोणत्या पुस्तकात इतकं साफ मिळालं नाही. त्याचे हात काडीसारखे, करिश्मा म्हणशील तर ५. त्याला फक्त माहीत होतं की या शेतकऱ्याच्या डोक्यात आत्ता दुसऱ्या फेरीचं भाडं आहे. त्याने नेमकं तेवढंच बोट लावलं, आणि मान तुकवायला एक वाटही ठेवली: "कोनं अडवलं?" म्हणजे निर्णय तुझाच आहे, बाबा. शेतकऱ्याला चार लोकांत हरल्यासारखं दिसायला नको होतं आणि तसं तो दिसलाही नाही.

आता तुझे चौघं घे.

पंथवाला: त्याचं काय घेणार होतास? जीव? तो तर तो देवाला देऊन मोकळा झालेला. माझ्या मते या माणसापुढे इंटिमिडेशन म्हणजे खडकावर नांगर. पण याच माणसाला आपल्या गुरूचं भय असेल, तर "तू आम्हाला सगळं सांगितलंस असं आम्ही गावभर सांगत सुटतो" हे वाक्य कुऱ्हाडीपेक्षा जड पडलं असतं. खोटं असलं तरी. (मग तो डिसेप्शनचा, म्हणजे फसवण्याचा, चेक होतो का इंटिमिडेशनचा, यावर आमच्या टेबलावर अर्धा तास गेला होता. मी म्हणतो, ज्याने माणूस हलतो ते बघा. भीतीने हलला, तर इंटिमिडेशन.)

सरायवाला: त्याला कुठे धमकावलंस ते तू लिहिलं आहेस, भर सराईत, वीस गिऱ्हाइकं बसलेली असताना. अरे, पारावर चार लोक बसलेले असताना कोणाला दम देऊन बघ. जो एरवी घरामागे गपचूप ऐकून घेईल तोच माणूस लोकांपुढे छाती काढतो. काढावीच लागते, त्याला उद्या त्याच पारावर बसायचं असतं. सरायवाला हसला ते घाबरला नाही म्हणून नव्हे. घाबरलेला माणूस लोकांत हसतोच. तू त्याला दळणाच्या खोलीत एकटं गाठायला पाहिजे होतं.

नगरशेठ: याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्याच्या हाकेला शिपाई येतात त्याला धमकावू नये.

आणि टोलनाका. इथे तू जिंकलास आणि तुला वाटतं आहे की हरलास. तुझ्या डीएमने इथे काही चुकीचं केलेलं नाही. धमकी म्हणजे उधारीवर घेतलेलं काम, आणि उधारी वसूल होते. हा काही माझा शोध नाही, जुन्या नियमांत ते स्पष्ट छापलेलं आहे. डी अँड डीच्या साडेतीनाव्या आवृत्तीत इंटिमिडेट जमलं तर समोरचा तुझ्यासमोर असेतो मित्रासारखा वागतो, आणि तू गेल्यावर आणखी एका सहाबाजूच्या फाशाच्या दहापट मिनिटं. नंतर तो उलटतो. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत असं धमकावून काम करून घेणं फार तर एक दिवस टिकतं, मग माणूस नाराज होतो. फासा फारच छान पडला तरच तो नाराज असूनही तुझ्याविरुद्ध काही करायला धजत नाही. तुझ्या पाचव्या आवृत्तीत हा हिशोब डीएमवर सोडून दिला आहे, म्हणून तो तुला अन्याय वाटतो. तेव्हा प्रश्न असा करायचा: मला या माणसाकडून जे पाहिजे ते दहा मिनिटांत मिळून संपतं का? वाट सोडणं संपतं. किल्ली देणं संपतं. पण "उद्या आमच्या बाजूने साक्ष दे" हे संपत नाही, तिथे पर्सुएशनच लागतं. आणि वाट सोडून घेतल्यावर पुढच्या गावात त्याच रात्री मुक्काम करायचा नाही, हेही त्यातच आलं. तुम्ही तिथे जेवायला बसलात!

एक खेळ जवळून दाखवतो, कारण नुसतं सांगून हे डोक्यात जात नाही.

मावसभाऊ ढाण्या नावाचा बार्बेरियन चालवतो. तुझ्यासारखाच, करिश्मा ८. खेळणारा पोरगा मात्र असा की सकाळी दुधाचं फॅट कमी लागलं तर म्हातारीला ते सांगायलाही लाजतो. पहिलं वर्षभर तो ढाण्याकडून कोणाला धमकी देतच नव्हता, कारण मास्तर शेजारी बसायचे, आणि मास्तरांचा आवाज म्हणजे अख्खी सातवी गप्प करणारा. मास्तरांचा चोर करिश्मा ८ चाच, पण ते टेबलावर हात आपटून बोलले की मला फासा मागायची हिंमत व्हायची नाही. ही माझी चूक होती, आणि हीच चूक अर्ध्या टेबलांवर होते. ज्याचा घसा मोठा त्याचं इंटिमिडेशन फुकटात.

म्हणून मी पद्धत बदलली. आवाज काढायची गरज नाही. मला एवढं सांगा की तुम्ही त्याचं काय धरून ठेवलं आहे आणि त्याच्याकडून काय पाहिजे. डीसी त्यावरून.

मोहिमेत एक किल्ला होता, थोडाफार आपल्या गाविलगडावर बेतलेला, तटाच्या आत तट. खाली धान्याचं गोदाम. रात्री तिथून एक गाडी निघून गेली होती आणि गोदामाच्या कारकुनाला ती कोणाची ते माहीत होतं. वर्णनात मी एक गोष्ट अशीच टाकली होती, फार विचार न करता, की बोलता बोलता कारकून आपल्या वहीचा पुठ्ठा धोतराच्या सोग्याने पुसतो, पुन्हा पुन्हा. मास्तर म्हणाले त्याची मान धरू. मेडिकलवाला म्हणाला पैसे देऊ. मावसभाऊ बराच वेळ पेन्सिल कुरतडत होता. मग म्हणाला:

"वही उचलतो मी."

बरं.

"कंदिलाजवळ धरतो."

आणि?

"काहीच नाही. बोलत नाही मी. थो बोलन."

टेबलावर कोणी हललं नाही. मास्तरसुद्धा. मी डीसी २० ठरवला होता तो १२ केला, आणि मनातून मला तो सरळ देऊन टाकायचा होता. पण फासा टाकायला सांगितला, कारण ढाण्याला त्या वहीत काय आहे ते माहीत नव्हतं आणि मला ते अजून ठरवायचं होतं. सहा पडला. अधिक एक, सात.

इथे जुना मी काय म्हणालो असतो? "कारकून म्हणतो, जाळ, मला काय फरक पडतो?" आणि ढाण्या पुन्हा वर्षभर गप्प. फसलेल्या इंटिमिडेशनवर 'तो घाबरत नाही' म्हणणारा डीएम आळशी आहे, हे मी स्वतःबद्दल सांगतो आहे. वही त्याचा जीव होती हे मीच दाखवलं होतं. तो घाबरला, यात वादच नाही. भीती वाटली का, हे फाशाला विचारायचंच नसतं. विचारायचं ते हे, की घाबरलेला माणूस आता काय करेल.

कारकुनाच्या घशातून आवाज निघेना. मग त्याने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "सांगतो ना भाऊ, सांगतो! वरच्या आळीच्या गाडीवानाची होती!"

टेबलावर जल्लोष. कारण वरच्या आळीच्या गाडीवानावर त्यांचा आधीपासूनच संशय होता, आणि तो संशय त्यांनी कारकुनापुढेच, पाच मिनिटांपूर्वी, मोठ्याने बोलून दाखवला होता. पुतणीने तेवढं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

घाबरलेला माणूस खरं सांगत नाही, तुला जे ऐकायचं आहे ते सांगतो. इंटिमिडेशनने माहिती काढणाऱ्याने ही एक गोष्ट गाठीला बांधून ठेवावी: धमकावण्याआधी आपल्या तोंडून नाव जाऊ द्यायचं नाही. "गाडी त्याची होती ना?" असं विचारायचं नाही. "गाडी कोणाची?" एवढंच. आणि उत्तर तपासता येईल असं काहीतरी आधी विचारून घ्यायचं, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे.

त्या गाडीवानाचं काय झालं ते शेवटी सांगतो.

दुसऱ्या खेळांकडे एक नजर टाक, कारण तुझा डीएम नवा आहे असं दिसतं आणि त्याला याचा उपयोग होईल. २०१० चा अपोकॅलिप्स वर्ल्ड, मेगी आणि व्हिन्सेंट बेकर यांचा. त्यात धमकावण्याची स्वतंत्र चाल आहे, गो अॅग्रो, आणि तिची गंमत अशी की ती पोकळ धमकीला लागूच होत नाही. तू खरोखर करणार असशील तरच फासे टाकायचे. उत्तम पडले तर समोरच्यापुढे दोनच रस्ते: तू म्हणतोस ते करायचं, किंवा मार खायचा. म्हणजे जिंकलास तरी तो "मार" म्हणू शकतो, आणि मग तुला मारावं लागतं. मधले आकडे पडले तर त्याला जास्त वाटा मिळतात: बाजूला होतो, दार लावून आत कोंडून घेतो, तुला पाहिजे असेल असं वाटतं ते काहीतरी हातात ठेवतो, हात वर करून मागे सरकतो. 'चाललं' आणि 'नाही चाललं' यांच्या मध्ये एवढी जागा आहे हे मला तिथे कळलं. मी ती यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे आणि डी अँड डी चालवतानाही तीच वापरतो.

कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत चार्म, फास्ट टॉक, इंटिमिडेट, पर्सुएड अशी चार वेगळी स्किल आहेत आणि कोणी काही शिकलेलं नसेल तर इंटिमिडेट १५ टक्क्यांवर सुरू होतं. त्या खेळात भुतापिशाचांपुढे धमकी कुचकामी, पण गावातल्या डॉक्टरापुढे फार कामाची. मी तो फार चालवलेला नाही, एवढंच पुरे.

लढाईत मात्र इंटिमिडेशनचं खरं सोनं आहे आणि पाचव्या आवृत्तीत ते कोणी उकरत नाही. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत डीमोरलाइझ ही एका अॅक्शनची गोष्ट आहे, जमली तर शत्रू फ्राइटन्ड (घाबरलेला) १, फारच जमली तर २, त्याचे सगळे आकडे तेवढ्याने घसरतात. भाषा समजत नसेल तर तुला उणे ४. तिथले लढवय्ये ते दर लढाईत वापरतात. पाचव्या आवृत्तीत नुसत्या स्किलने असं काही होईल असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून लोक शेवटच्या गोब्लिनपर्यंत (छोट्या राक्षसापर्यंत) कापत बसतात. १९८१ च्या बेसिक डी अँड डीत दर राक्षसाला मोराल, म्हणजे लढायची हिंमत, होतं: दोन सहाबाजूचे फासे टाकायचे, मोरालपेक्षा जास्त पडलं तर तो पळतो किंवा हत्यार टाकतो. गोब्लिनचं मोराल ७, म्हणजे छत्तीसात पंधरा वेळा, ४२ टक्के. आणि टाकायचं कधी? त्यांच्यातला पहिला पडला तेव्हा, आणि निम्मे गारद झाले तेव्हा. हे दोन क्षण ध्यानात ठेव. लढाई सुरू व्हायच्या आधी ओरडून उपयोग नाही, तेव्हा सगळेच वाघ असतात. पहिला पडल्याबरोबर, त्याच क्षणी, तुझी अॅक्शन धमकीवर घाल. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येही मोरालचा एक पर्यायी नियम आहे, डीसी १० चा विस्डम सेव्ह (शत्रूने टिकून राहायला टाकायचा फासा). माझ्या टेबलावर कोणाचं इंटिमिडेशन जमलं तर त्या सेव्हला डिसअॅडव्हान्टेज, दोन फासे टाकून लहान घ्यायचा. ही माझी घरची भर आहे, पुस्तकातली नाही. पण तिने आमच्या लढाया निम्म्या वेळात संपायला लागल्या आणि कैदी मिळायला लागले, आणि कैदी म्हणजे पुढची गोष्ट.

पळायला वाट ठेव, हे लढाईत तर फारच खरं. टिपेश्वरच्या बाजूला शेतं असलेल्या कोणालाही विचार. वाघीण बछड्यांसोबत असली की पहिल्यांदा गुरगुरते, मग चार पावलं अंगावर येऊन थांबते. तो हल्ला नसतो, ती सांगते आहे की निघ. मागे सरकायला जागा असलेला माणूस सरकतो आणि दोघंही घरी जातात. तुझ्या पार्टीने गोब्लिनांना गुहेच्या टोकाला कोंडलं आणि मग तू डरकाळी फोडलीस, असं लिहिलं आहेस. कोंडलेला गोब्लिन काय शरण येणार? दारातून बाजूला हो, मग ओरड.

आणि सारखं ओरडू नको. बुजगावणं उभं केलं की पहिले चार दिवस पाखरं येत नाहीत. आठवड्याने कावळा येऊन त्याच्या मडक्यावर बसतो. रानडुकरं तर त्याहून लवकर शिकतात. डबे वाजवा, जुन्या साड्या बांधा, एकदा कळलं की यातून पुढे काही होत नाही, की हरभरा साफ. ढाण्याने गेल्या वर्षभरात फार तर पाचसहा धमक्या दिल्या असतील. त्यातल्या दोन त्याने खऱ्या करून दाखवल्या. आता त्या मुलखात तो सराईत शिरला की लोक बाक रिकामा करतात, फासा न टाकता. आपल्या भाषेत याला वेगळा शब्द आहेच: दम द्यावा लागतो, दरारा असतो.

दराऱ्याचाही अतिरेक होतो, हे जाता जाता. पेंढारी येत आहेत अशी नुसती हूल उठली की गावं ओस पडायची. तुझ्या पार्टीचं नाव तसं झालं, तर धमकावायला गावात माणूसच उरणार नाही आणि वाटही विचारता येणार नाही.

टेबलावरच्या माणसांबद्दल थोडं. एका खेळाडूच्या कॅरेक्टरने दुसऱ्या खेळाडूच्या कॅरेक्टरवर इंटिमिडेशन टाकायचं नाही. आमच्याकडे एकदा झालं, मास्तरांनी पुतणीच्या जादूगारणीवर टाकलं, वीस पडला, आणि तिने काय करायचं ते मास्तर सांगायला लागले. ती पुढचे दोन रविवार आली नाही. "अभ्यास आहे," म्हणाली. तेव्हापासून खेळाडू घाबरतो का ते खेळाडूच ठरवतो, फासा नाही. दुसरं, छळ. कैद्याचं बोट कापतो, डोळा काढतो, असं कोणी सुरू केलं की मी पडदा पाडतो आणि सरळ विचारतो: तुम्हाला काय पाहिजे आहे? माहिती? त्याने मिळणारी माहिती कारकुनासारखीच असते. डीएमला विचारून टेबलावर एक्स-कार्ड ठेवता आलं तर ठेवा, कोरा कागद आणि त्यावर फुली, एवढंच ते आहे. ज्याला नको वाटलं त्याने हात लावायचा, कारण सांगायचं नाही. आमच्याकडे औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आहे. दोनदाच वापरला गेला.

आता तुझं नेमकं. पर्सुएशन तुला घेऊन करिश्मा ८ वर ते अधिक एकच राहणार, म्हणजे तेच ३५ टक्के, फक्त गोड बोलून. ते ज्याचा करिश्मा चांगला आहे त्याला करू दे. तुमच्यात बार्ड (गाणारा, गोड बोलणारा) आहे म्हणतोस. गावात भांडण झालं की एक जण अंगावर जातो आणि एक जण मध्ये पडून "जाऊ द्या ना भाऊ, सोडा" म्हणतो, आणि लोक त्या दुसऱ्याचंच ऐकतात. तू अंगावर जा, बार्डला मध्ये पडू दे. मग फासा बार्डचा, पर्सुएशनवर, आणि तू हेल्प केल्यामुळे त्याला अॅडव्हान्टेज. उधारी तुझ्या नावावर, आभार त्याच्या नावावर. पुढच्या गावातली दवंडी मिटवायलाही हाच रस्ता: बार्ड पहारेकऱ्याला भेटेल, "तो आमचा दांडगा जरा तसाच आहे" म्हणेल, दोन चांदीची नाणी ठेवेल.

आणि डीएमशी बोल, पण सेशनच्या आधी, चहा पिताना. तीन गोष्टी माग: स्ट्रेंग्थवर चेक कधी मिळेल, फसल्यावर 'घाबरत नाही' ऐवजी काय होईल, आणि वर्णनात त्या माणसाला काय प्यारं आहे याची एखादी खूण. तिसरी सर्वांत महत्त्वाची. पुठ्ठा पुसणारा कारकून मी चुकून दाखवला होता. आता मी दर माणसाला मुद्दाम असं एक काहीतरी देतो.

गाडीवान. पार्टी रात्री त्याच्या घरी गेली, दार तोडलं, त्याला बांधला, गाडी तपासली. गाडीत तुरीचं कुटार होतं. दोन सेशन त्यात गेले आणि खरी गाडी तोवर घाट उतरून निघून गेली. खरी कोणाची होती ते त्या वहीत लिहिलेलं होतं, हे मी तेव्हा ठरवलं, आणि वही सगळा वेळ ढाण्याच्या झोळीत होती. कोणी उघडली नव्हती. मावसभावाला आठवलं तेव्हा तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "मी गाडीवानाचं दार लावून देतो पहिले. सुताराले किती द्या लागन?"

मी म्हटलं, चार चांदीची नाणी. त्याने कॅरेक्टर शीटवरून खोडली. फासा टाकायचा का, असं मास्तरांनी विचारलं. कशाला?